पनवेलच्या बारमधला दहावा माणूस

सॅम्युअल वाकरूळकरने एकाहत्तर वर्षांत बारची पायरी कधी चढली नव्हती. ती चढायची वेळ आली ती बायकोच्या वर्षदिनामुळे. हे वाचून कुणाच्या भुवया उंचावत असतील तर उंचावू देत, आधी हकीकत ऐका आणि मग काय ते बोला.

सारा जाऊन वर्ष होत आलं होतं. ज्यू पंचांगाप्रमाणे तिची तारीख येत्या मंगळवारी होती. त्या दिवशी सकाळी सात वाजता सिनेगॉगमध्ये तिच्यासाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने करायची प्रार्थना, म्हणायचा, एवढी एकच इच्छा सॅम्युअलच्या मनात उरली होती. पण कद्दिश एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष हजर लागतात, आणि तेही समाजातलेच. एके काळी पनवेलमध्ये दहा काय, पन्नास उभे राहिले असते. आता निम्मे इस्रायलला गेलेले, उरलेल्यांतले निम्मे मुलांकडे ठाण्या-मुंबईला. गावातले सात, अलिबागहून येणारे दोन मावसभाऊ, आणि दहावे ठाण्याचे एक गृहस्थ ठरले होते. ते बुधवारी न्हाणीघरात घसरले आणि पायाला प्लास्टर घालून बसले.

"पप्पा, दहा झाले का?" मुलगी निरीत रोज इस्रायलहून फोनवर विचारायची.

"होतील," सॅम्युअल म्हणायचा, आणि फोन ठेवून पुन्हा बोटांवर नावं मोजत बसायचा.

त्याचे दोन मित्र होते. बाळू घरत मूळचा शिरढोणचा, तालुका कचेरीतून निवृत्त झालेला, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर आपल्याकडे तोडगा असतोच असं मानणारा. दुसरा सत्यजीत प्रधान. तळोज्याच्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून तीस वर्षं काढलेली, मधुमेहाची गोळी खिशात आणि प्रत्येक गोष्टीत शंका.

"आमी दोघं हाव ना!" बाळू म्हणाला. "सारावैनीच्या हातचं चाळीस वर्सं खाल्लंय. आमाला धर नि कर दहा."

"बाळू, आमच्यातलेच लागतात रे."

बाळू अर्धा तास रुसला. मग स्वतःच चहा करून घेऊन आला.

वाट दाखवली ती मासळी बाजारातल्या सुमतीने. गुरुवारी सकाळी सॅम्युअल नेहमीप्रमाणे मासे घ्यायला गेला. खवलं नसलेला मासा हे लोक खात नाहीत, ते तिला पाठ होतं. पापलेट पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "काका, तुमच्यासारका आनखी एक बाबा येतो हल्ली. खवलंवालीच मासली दे बोलतो. हायम का कायतरी नाव हाय. दुपारचा बारातना निंगतो नि मंग येतो, तोंडाला वास मारतो."

"कुठल्या बारमधून?"

"ते मना काय ठावं!"

हायम हे नाव ऐकून सॅम्युअलने सुटे पैसे न घेताच पिशवी उचलली. हायम अष्टमकर वीस वर्षांपूर्वी गाव सोडून अहमदाबादला बहिणीकडे गेला होता. तो परत आलाय हे कुणालाच माहीत नव्हतं. तो का गेला होता, हे मात्र सॅम्युअलला चांगलं माहीत होतं. बाळूला त्याने एवढंच सांगितलं की दहावा माणूस पनवेलमध्ये आहे, कुठल्यातरी बारमध्ये दुपारी बसतो.

बाळूच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते त्याच्या लेकीच्या लग्नातही आलं नसेल. "म्हंजे सगलं बार बघाया लागतील," तो गंभीरपणे म्हणाला. त्याने बायकोला, कुमुदला फोन लावला आणि सांगितलं की देवाच्या कामाला निघालोय. ते खोटं नव्हतं, म्हणून तिने आणखी खोदून विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी बारा वाजता तिघे एसटी स्टँडजवळच्या एका परमिट रूममध्ये शिरले. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार. भिंतीवर गणपतीच्या तसबिरीला लाल दिवा, कोपऱ्यात माशांची टाकी, आवाज बंद केलेल्या टीव्हीवर कुठलीशी मॅच. सॅम्युअलला वाटलं होतं बार म्हणजे आरडाओरडा, भांडणं. इथे तर सहा-सात माणसं एकेका टेबलाशी इतकी गप्प बसली होती की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी.

बाळूचं म्हणणं असं की काही मागवल्याशिवाय चौकशी करणं बरं दिसत नाही. त्याने स्वतःला क्वार्टर मागवली आणि कोळंबी फ्राय मागवली. सॅम्युअलला कोळंबी चालत नाही म्हणून बशी न विसरता आपल्या बाजूला ओढून घेतली. सत्यजीतने टिश्यूने ग्लास पुसून त्यात साधा सोडा ओतला. सॅम्युअलने लिंबू सरबत मागितल्यावर वेटरने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला कानकोंडं झालं.

"हायम नावाचे एक गृहस्थ येतात का इथे?" त्याने विचारलं.

"काका, इथे नाव कोण विचारतं? कोण क्वार्टर, कोण बियर, आम्ही असंच ओळखतो," वेटर म्हणाला.

दुसऱ्या बारमध्येही तेच झालं. तिसऱ्या बारला जाताना बाळूची चाल जरा सैल झाली होती. "आणखी दोन बार झाले की लोकांना तुझीच चौकशी करावी लागेल," सत्यजीत म्हणाला आणि त्या दिवसापुरती बाळूला मागवायची बंदी घातली.

उरण नाक्याजवळच्या त्या तिसऱ्या बारमधला म्हातारा वेटर मात्र विचारात पडला. सत्यजीतनेच त्याला एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकात काही वेगळं दिसतं का ते विचारलं, वागण्यातलं, सवयीतलं.

"एक बाबा यायचे पावसाळ्यापर्यंत," वेटर म्हणाला. "ग्लास भरला की खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकायचे. तोंडातल्या तोंडात कायतरी बोलायचे. मग रुमाल घडी करून खिशात, आणि मग पहिला घोट. प्रत्येक ग्लासाला. आम्हाला वाटायचं मंत्र घालतात."

सॅम्युअलने हातातला ग्लास खाली ठेवला. ती ब्राखा होती. काहीही खाण्यापिण्याआधी डोकं झाकून देवाचे आभार मानायचे, ती दोन ओळींची प्रार्थना. जो माणूस दारूपायी सिनेगॉगबाहेर गेला, तो वीस वर्षं दारूच्या प्रत्येक ग्लासावर ब्राखा म्हणत होता. सॅम्युअलला एकदम खूप लाज वाटली.

"आता कुठे बसतात?"

"नाय ठावं. खोली बदलली बोलले होते."

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, लागतो, त्याआधी सॅम्युअलला घरी पोचायचं होतं. म्हणून तीन वाजताच ते नवीन पनवेलला गेले. "एकही बार सोडायचा नाही" या बाळूच्या हट्टामुळे ते एका नव्या पबमध्ये जाऊन बसले. काचेच्या भिंती, गाण्याचा दणदणाट, मेन्यूसाठी फोनने चौकोन टिपायचा. बाळूपुढे बियर आली ती लोणच्याच्या बरणीत. तो तिच्याकडे बराच वेळ संशयाने बघत राहिला.

चारुता नावाची एक हसरी मुलगी तिथलं सगळं बघत होती. सॅम्युअलने तिला विचारलं, पिण्याआधी प्रार्थना करणारे कुणी आजोबा इथे येतात का?

"अंकल, इथे पिण्याआधी सगळे फोटो काढतात," ती म्हणाली. पण तिने आत जाऊन दोन-तीन जणांना विचारलं, आणि नाही असं सांगायला स्वतः परत आली.

"सॅम, एक विचारू?" सत्यजीत म्हणाला. "या माणसाचं नाव निघालं की तुझा चेहरा उतरतो. काय भानगड आहे?"

गाणं इतक्या जोरात होतं की तिघांना डोकी एकत्र आणावी लागली, आणि आयुष्यात ज्याबद्दल कधी कुजबुजलाही नव्हता ते सॅम्युअलला जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. वीस वर्षांपूर्वी तो सिनेगॉगचा मानद सचिव होता. हायमची आई लीयाबाई वारली, त्याला वर्ष झालं होतं. हायम एकुलता एक मुलगा, आणि आईच्या मागे दारूत बुडालेला. कद्दिशच्या सकाळी तो आला तेव्हा तोंडाला वास येत होता. सॅम्युअलने त्याला गेटवर अडवलं. पिऊन आत यायचं नाही, म्हणाला. हायम म्हणाला, आईसाठी आलोय रे. सॅम्युअल हलला नाही. हायम परत गेला आणि आत मोजले तर नऊच जण. लीयाबाईंचा कद्दिश झाला नाही.

"नियम माझ्या बाजूने होता," सॅम्युअल म्हणाला. "म्हणून त्या रात्री मला छान झोप लागली. ती झोप मला आता टोचते."

"सारावैनीला ठावं व्हतं?" बाळूने विचारलं.

"तीच म्हणाली होती, जा आणि त्याला घेऊन या. शेवटपर्यंत अधूनमधून म्हणायची. मी गेलो नाही."

बाळूने बरणी बाजूला सारली. त्याला राग आला होता आणि दयाही आली होती, आणि दोन्ही एकाच माणसाची. त्याने सॅम्युअलच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली, तीत दोन्ही होतं.

त्या संध्याकाळी सॅम्युअलने शब्बाथचा दिवा एकट्याने लावला. साराच्या हाताला लागायची एक काडी, याला तीन लागल्या. मनुका भिजवून केलेलं सरबत त्याने पेल्यात ओतलं, पेला हातात घेतला आणि ब्राखा म्हटली. घरात आमेन म्हणायला कुणी नव्हतं. गेलं वर्षभर नव्हतं. बारमध्ये बसलेल्या हायमलाही वीस वर्षं कुणी नसेल, हे त्याच्या आज प्रथमच ध्यानात आलं.

शनिवारी शब्बाथ संपेपर्यंत सॅम्युअल घराबाहेर पडणार नव्हता, फोनही घेणार नव्हता. पण बाळू कसला स्वस्थ बसतोय! सत्यजीतला घेऊन तो नेऱ्याच्या रस्त्यावरची फार्महाउसजवळची सगळी हॉटेलं पालथी घालून आला. रविवारी सकाळी दोघे सॅम्युअलच्या दारात हजर झाले.

"गावला!" बाळू चपला काढायच्या आधीच म्हणाला. नेऱ्याच्या एका हॉटेलातला आचारी पूर्वी तळोज्याला कामाला होता, त्याने रुमालवाल्या बाबांना ओळखलं होतं. तळोज्याच्या कारखान्यांजवळ एक बार आहे, तिथे दुपारी, पहिली पाळी सुटायच्या आत, कोपऱ्यात बसतात.

"मीच तिथे तीस वर्षं काढली आणि सगळ्यात शेवटी तिथेच बघायचं सुचलं," सत्यजीत स्वतःवर चिडला होता.

त्याच दुपारी तिघे तिथे पोचले. तळोज्याचा बार म्हणजे पत्र्याची शेड, चार पंखे आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या चण्यांचा वास. पाळी सुटायला तासभर होता, म्हणून सगळी टेबलं रिकामी होती. कोपऱ्यातल्या एका टेबलाशी दाराकडे पाठ करून एक वाळकुडा माणूस बसला होता. वेटरने त्याच्यापुढे ग्लास ठेवला. त्या माणसाने खिशातून रुमाल काढला, नीट उलगडला आणि डोक्यावर टाकला. ग्लास दोन्ही हातांत धरला, कारण एका हातात तो धड राहत नव्हता. आणि हलक्या आवाजात ब्राखा म्हटली.

सॅम्युअल चार पावलांवर उभा होता. काय बोलायचं ते त्याने रिक्षात घोकलं होतं. पण ब्राखा कानावर पडली की जे म्हणायचं असतं तेच त्याच्या तोंडून निघालं.

"आमेन."

हायमचा ग्लास टेबलावर हिंदकळला. तो सावकाश वळला.

"वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी आमेन म्हटलं," तो म्हणाला. "आणि तो तू निघालास."

बस असं त्याने म्हटलं नाही, पण समोरची खुर्ची पायाने थोडी सरकवली. सॅम्युअल बसला. बाळू आणि सत्यजीत शेजारच्या टेबलाशी जाऊन बसले आणि काहीच ऐकत नसल्याचं नाटक करू लागले. सॅम्युअलने सांगून टाकलं: सारा गेली, मंगळवारी वर्ष होतंय, नऊ जण आहेत, तू ये.

"सारा चांगली होती," हायम म्हणाला. मग त्याने एक चणा सोलून बशीच्या कडेला ठेवला. "माझ्या आईच्या वेळी किती होते रे?"

"नऊ."

"मग तुझ्या बायकोच्या वेळीही नऊच असू देत."

"हायम, माझं चुकलं. मी तुझी माफी—"

"इथे नको." हायमने हात वर केला. "बारमध्ये सगळेच माफी मागतात, मग उतरली की विसरतात. जिथून हाकललंस तिथे माग. आणि दुसरं ऐक. सकाळी सात वाजता माझे हात असे थरथरतात की शर्टाचं बटण लागत नाही. एक घोट पोटात गेल्याशिवाय मी उभा राहू शकत नाही. म्हणजे मी आलोच, तर वास घेऊनच येणार. मग काय करशील? पुन्हा गेट लावशील?"

नाही, एवढं म्हणायला काय हरकत होती! पण सॅम्युअल सरळ माणूस. आत आणखी आठ जण असतील, ते काय म्हणतील, नियम काय म्हणतो, हे सगळं त्याच्या डोक्यात गर्दी करून आलं आणि उत्तर द्यायला त्याला एक क्षण उशीर झाला. हायमने तो क्षण पाहिला. त्याने ग्लास उचलला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिघे रिक्षाने परतले. सॅम्युअल उतरताना बाळू फक्त म्हणाला, "लगेच बोलायचं व्हतंस रं, 'गेट नाय लावनार' म्हनून."

"माहीत आहे," सॅम्युअल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

मंगळवारी सकाळी पावणेसातला सिनेगॉगच्या ओसरीवर माणसं जमली. अलिबागचे मावसभाऊ पहाटेच निघून आले होते. ज्यू माणसं माणसांना आकड्यांनी मोजत नाहीत, तसं मोजणं चांगलं नसतं म्हणतात. दहा शब्दांची एक ओळ असते, एकेका माणसाकडे बघून एकेक शब्द म्हणायचा. सॅम्युअलने तीनदा म्हणून पाहिली. तिन्ही वेळा नऊ शब्द झाले आणि दहावा तोंडात राहिला.

सव्वासात झाले. प्रार्थना चालवणारे वडीलधारे काका म्हणाले, "सॅम्युअल, सुरू करू या. कद्दिश राहील, पण बाकीची प्रार्थना तरी होईल."

"पाच मिनिटं," सॅम्युअल म्हणाला. वीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः ही पाच मिनिटं कुणाला दिली नव्हती.

तेवढ्यात गेटसमोर रिक्षा थांबली. आधी बाळू उतरला, मग सत्यजीत, आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून हायमला उतरवलं. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले. बटणं बाळूने लावली असावीत, कारण एक घर चुकून सगळी वरखाली झाली होती. सोमवारी संध्याकाळीच हे दोघे सॅम्युअलला न सांगता हायमच्या खोलीवर जाऊन बसले होते.

सत्यजीत सॅम्युअलजवळ येऊन हळूच म्हणाला, "एकदम बंद केली असती तर फिट आली असती. पहाटे दोन टोपणं मी दिली. मोजून दिली. काय बोलायचं ते मला बोल, त्याला नको."

हायम गेटपाशी येऊन थांबला. आत पाऊल टाकलं नाही. डोळे मात्र साफ होते.

"वास येतोय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "खोटं बोलणार नाही. जा म्हणालास तर जातो."

ओसरीवरच्या आठही माणसांनी सॅम्युअलकडे पाहिलं. काकांनी नाक जरासं मुरडलं. सॅम्युअल पायऱ्या उतरला आणि गेटबाहेर, हायमच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"वीस वर्षांपूर्वी या गेटवर मी याला परत पाठवलं," तो ओसरीकडे वळून म्हणाला. आवाज फुटत होता, तरी त्याने तो खाली आणला नाही. "हा आईसाठी आला होता. माझ्यामुळे लीयाबाईंचा कद्दिश राहिला. माझं चुकलं. हायम, मला माफ कर. चल आत."

हायमने खिशातला रुमाल काढला आणि तो डोक्यावर टाकायला गेला, पण हात साथ देईनात. सॅम्युअलने तो घेऊन त्याच्या डोक्यावर नीट बसवला आणि त्याचा हात धरून आत नेलं. काकांनी पुढच्या बाकावर जागा केली. या वेळी ओळीचे दहाच्या दहा शब्द पुरे झाले.

बाळू आणि सत्यजीत ओसरीवर, दाराशी उभे राहिले. त्यांनीही डोक्यावर रुमाल टाकले होते. बाळूच्या रुमालाला अजून गुरुवारच्या कोळंबीचा वास होता, पण ते आत कुणाला कळायचं कारण नव्हतं.

प्रार्थना सरत आली. कद्दिशच्या आधी काकांनी विचारलं, "कुणासाठी?"

वर्षभर सॅम्युअल या एका प्रश्नाची वाट बघत होता. साराचं नाव त्याच्या ओठांवर होतं. त्याने हायमकडे पाहिलं.

"आधी लीयाबाईंसाठी," तो म्हणाला. "म्हणणारा हा."

"आणि सारा? आज तर तिचा दिवस."

"तिचा त्याच्या मागून. याला घेऊन या, असं तीच म्हणाली होती मला."

हायम बाकाला धरून उभा राहिला. पहिला शब्द दोनदा अडकला. तिसऱ्यांदा निघाला, आणि मग वीस वर्षं तोंडात धरून ठेवलेला सगळा कद्दिश तो एकही शब्द न चुकता म्हणत गेला. आमेनची जागा आली तेव्हा सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने सॅम्युअल म्हणाला. दाराशी उभ्या असलेल्या बाळूनेही म्हटलं, जरा उशिरा.